रुंद पडद्याचा मॉनिटर : घ्यावा की नाही, आणि घेतला तर कसा वापरावा?

धंद्यासाठी घेतलेली वस्तू कधी कमाईचे साधन बनते, तर कधी दुकानाची शोभा बनून भांडवल अडकवून बसते. वस्तू तीच असते, फरक पडतो तो घेणाऱ्याच्या हिशेबात. गेल्या काही वर्षांत संगणकाच्या बाजारात आलेला अतिरुंद पडद्याचा मॉनिटर ही अशीच एक वस्तू आहे. बोर्ड आणि फ्लेक्स बनविणारे, लग्नपत्रिका छापणारे, फर्निचर व ॲल्युमिनियमचे काम करणारे, हॉटेल व बंगले चालविणारे असे अनेक व्यावसायिक बांधव सध्या त्याची चौकशी करीत आहेत. म्हणून या लेखात आपण पाहू की हा मॉनिटर म्हणजे नेमके काय, तो कोणाला उपयोगी आणि कोणाला निरुपयोगी, खरेदी करताना काय तपासावे, आणि घेतल्यानंतर त्याच्यासोबत रोजचे काम कसे करावे.

उदाहरणासाठी आपण मावळ तालुक्यातील कार्ले गाव डोळ्यांसमोर ठेवू. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचे, लोणावळ्याजवळचे, मळवली स्टेशनलगतचे हे गाव लेण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील चैत्यगृहाच्या शिलालेखांत धनिकांबरोबर धेनुकाकट गावच्या एका सुताराचेही नाव कोरलेले आहे. आज लेणी, एकवीरेचे देवस्थान आणि सुट्टीतील पर्यटक यांच्यामुळे कार्ले व लोणावळा परिसरात हॉटेले, भाड्याचे बंगले, चिक्कीची दुकाने, फॅब्रिकेशन, फर्निचर, बोर्ड-फ्लेक्स असे धंदे चालतात. या प्रत्येक धंद्यात आता संगणक आहे. मात्र प्रत्येकाला रुंद पडदा हवाच, असे मुळीच नाही.

१) अतिरुंद म्हणजे काय?

१९९० च्या दशकात आपल्याकडील छापखान्यांत डीटीपी आले, तेव्हा टेबलावर १४ इंची काचेच्या नळीचा जड मॉनिटर असे. त्यावर आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके, म्हणजे एकूण सुमारे ३ लाख ठिपके दिसत. पडद्याचा आकार चौकोनाकडे झुकणारा, ४ भाग रुंद आणि ३ भाग उंच असा असे. पुढे १६ बाय ९ या प्रमाणाचा पडदा आला. आज बहुतेक दुकानांत दिसतो तो हाच, आणि त्यावर १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात.

अतिरुंद पडदा २१ बाय ९ या प्रमाणाचा म्हणून विकला जातो. कोरियाच्या एलजी कंपनीने २०१२ साली २९ इंची, २५६० × १०८० ठिपक्यांचा असा मॉनिटर आणला. २०१४ साली ३४ इंची, ३४४० × १४४० ठिपक्यांचा आला. २०१७ साली सॅमसंगने ४९ इंची, ३२ बाय ९ प्रमाणाचा, म्हणजे दोन साधे पडदे शेजारी जोडावेत एवढा लांब मॉनिटर काढला. आपल्या कामाच्या दृष्टीने २९ इंची आणि ३४ इंची हे दोनच प्रकार विचारात घेण्याजोगे आहेत. ३४ इंची पडद्यावर सुमारे ४९.५ लाख ठिपके मावतात. जुन्या १४ इंची मॉनिटरच्या हे सोळा पट झाले.

२) इंचांचा आकडा फसवतो

मॉनिटरचे इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात. त्यामुळे पडदा जितका लांबट, तितका तिरपा आकडा मोठा दिसतो, पण क्षेत्रफळ त्या मानाने वाढत नाही. पुढील मापे टेपने मोजल्यासारखी लक्षात ठेवावीत :

- साधा २४ इंची : रुंदी सुमारे ५२.७ सेंमी, उंची २९.६ सेंमी
- साधा २७ इंची : रुंदी ५९.८ सेंमी, उंची ३३.६ सेंमी
- अतिरुंद २९ इंची : रुंदी ६७.९ सेंमी, उंची २८.६ सेंमी
- अतिरुंद ३४ इंची : रुंदी ७९.७ सेंमी, उंची ३३.३ सेंमी

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, २९ इंची रुंद पडदा उंचीने साध्या २४ इंचीपेक्षाही किंचित ठेंगणा आहे. जो ग्राहक "२४ पेक्षा २९ मोठा" एवढाच हिशेब करून घेईल, त्याला घरी आल्यावर पडदा खुजा वाटेल. दुसरी, ३४ इंची रुंद पडदा म्हणजे २७ इंची मॉनिटरच, फक्त बाजूने २० सेंमी वाढविलेला. उंचीत काहीही भर पडत नाही. ज्याला लांबलचक यादी वरून खाली पाहायची आहे, त्याच्या उपयोगाची ही वाढ नाही.

ठिपक्यांची दाटीही पाहावी. बाजारात काही ३४ इंची मॉनिटर २५६० × १०८० ठिपक्यांचेच असतात आणि त्यामुळे स्वस्त मिळतात. त्यांत एका इंचात सुमारे ८२ ठिपके येतात, तर ३४४० × १४४० च्या पडद्यात सुमारे ११० येतात. कमी दाटीच्या पडद्यावर मराठीची वेलांटी-मात्रा आणि उर्दूचे नुक्ते फुटके दिसतात. अक्षरांचे काम करणाऱ्याने ३४ इंचीत कमी ठिपक्यांचा मॉनिटर घेऊ नये. २९ इंचीत मात्र तेच २५६० × १०८० ठिपके पुरेसे दाट बसतात.

३) कोणाला उपयोगी?

*बोर्ड व फ्लेक्सवाले :* महामार्गावरचा बोर्ड आडवा असतो. समजा कार्ले फाट्यावरील एका हॉटेलचा १० फूट बाय ४ फुटांचा बोर्ड करायचा आहे. त्याचे प्रमाण अडीचास एक. साध्या २७ इंची पडद्यावर तो पूर्ण रुंदीने पाहिला तर २३.९ सेंमी उंच दिसेल आणि वरखाली जागा रिकामी राहील. ३४ इंची रुंद पडद्यावर तोच बोर्ड सुमारे ३१.९ सेंमी उंच दिसतो आणि जवळजवळ सगळा पडदा भरतो. रंगांच्या व अवजारांच्या पट्ट्या बाजूला ठेवल्यावर यातील थोडी जागा जाते, तरीही फायदा उरतोच.

*फर्निचर व राउटर मशीनवाले :* प्लायवूडचा पूर्ण ताव ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे दोनास एक. ३४ इंची पडद्यावर हा ताव पूर्ण उंचीने दाखविला तर तो साडेसहासष्ट सेंमी रुंदी घेतो आणि बाजूला सुमारे १३ सेंमीची पट्टी शिल्लक राहते. त्या पट्टीत कापायच्या तुकड्यांची यादी ठेवता येते. ताव आणि यादी एकाच नजरेत आल्याने तुकडा विसरण्याची चूक कमी होते. प्लायचा एक ताव वाया जाणे म्हणजे काय, हे कारागिराला सांगायला नको.

*हॉटेल व बंगले भाड्याने देणारे :* खोल्यांचे महिन्याचे आरक्षण एक्सेलमध्ये ठेवणारे अनेक आहेत. एका बाजूला खोल्यांची नावे आणि पुढे ३१ तारखांचे ३१ रकाने. एक्सेलचा मूळ रकाना ६४ ठिपक्यांचा असतो. १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर जेमतेम २९ रकाने दिसतात, म्हणजे महिन्याअखेरचा शनिवार-रविवार पडद्याबाहेर जातो. २५६० ठिपक्यांच्या २९ इंची रुंद पडद्यावर अख्खा महिना मावतो. एकच खोली दोघांना देण्याचा घोटाळा टळला, तर तेवढ्याने गिऱ्हाईक आणि अब्रू दोन्ही वाचतात. रकाने अरुंद करून हेच काम साध्या पडद्यावरही होते, हेही लक्षात घ्यावे.

*लग्नपत्रिका व छपाईवाले :* आपल्याकडील पत्रिकेत उर्दू व मराठी असे दोन्ही मजकूर असतात. उर्दू इनपेजमध्ये, मराठी व सजावट कोरल ड्रॉमध्ये, आणि गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठविलेला मजकूर तिसऱ्या खिडकीत. या तिन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघड्या राहिल्या, की नावे ताडून पाहणे सोपे होते. छापून झालेल्या पाचशे पत्रिकांत वराच्या वडिलांचे नाव चुकले तर नुकसान कोणाच्या गळ्यात पडते, हे सर्वजण जाणतात.

*लग्नाचे व्हिडिओ जोडणारे :* चित्रफितीची आडवी पट्टी लांब दिसल्याने वारंवार सरकवावी लागत नाही.

४) कोणाला निरुपयोगी?

किराणा, कापड, चप्पल, चिक्की यांच्या दुकानात गल्ल्यावर फक्त बिल करायचे असेल, तर रुंद पडदा हा निव्वळ खर्च आहे. बिलाची यादी वरून खाली वाढते, डावीकडून उजवीकडे नाही. अशांनी २४ इंची साधा मॉनिटर घ्यावा. यादी फारच लांब असेल तर उभा फिरविता येणारा स्टँड पाहावा.

सीसीटीव्ही पाहण्यासाठीही तो घेऊ नये. कॅमेऱ्याच्या पेटीतून येणारे चित्र बहुधा १९२० × १०८० चे, म्हणजे १६ बाय ९ चेच असते. २५६० ठिपक्यांच्या पडद्यावर ते दाखविले की दोन्ही बाजूंना ३२० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात, किंवा चित्र ताणून माणसे जाडी दिसतात. त्यासाठी साधा टीव्ही पुरतो.

तिसरा पर्याय म्हणजे दोन साधे २४ इंची मॉनिटर शेजारी ठेवणे. दोन्हींचे मिळून सुमारे ४१.५ लाख ठिपके होतात आणि क्षेत्रफळ ३४ इंची रुंद पडद्यापेक्षा जास्त भरते. शिवाय एक बिघडला तर दुसऱ्यावर काम चालू राहते. तोटा एवढाच की मध्ये चौकटीची काळी रेघ येते आणि लांब बोर्ड त्या रेघेत तुटतो. हिशेब आणि पत्रव्यवहाराचे काम असणाऱ्यास ही जोडीच अधिक किफायतशीर पडते. दोन कामे शेजारी ठेवायची असतील तर दोन पडदे, आणि एकच लांब काम असेल तर रुंद पडदा, असा सोपा नियम धरावा.

५) पैशाचा हिशेब

समजा ३४ इंची मॉनिटरची करापूर्वीची किंमत ३०,००० रुपये आहे. (हा आकडा केवळ गणितासाठी आहे, बाजारभाव चौकशी करूनच धरावा.) १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी होता, पण त्याहून मोठ्यावर २८ टक्के. म्हणून ३४ इंची मॉनिटर या हिशेबाने ३८,४०० रुपयांना पडत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरवरील दरही १८ टक्के झाला, म्हणजे तोच आता ३५,४०० रुपयांना पडेल. जुन्या दराने छापलेले किमतीचे पत्रक कोणी दाखविले, तर हा फरक विचारून घ्यावा.

जो व्यापारी नियमित पद्धतीने जीएसटी भरतो, त्याला ५,४०० रुपयांच्या कराची वजावट मिळू शकते. त्यासाठी बिलावर आपल्या दुकानाचे नाव व जीएसटी क्रमांक असावा, आणि विक्रेत्याने ते बिल आपल्या विवरणात दाखविलेले असावे. कंपोझिशन योजनेत असलेल्यास किंवा नोंदणी नसलेल्यास ही वजावट नाही. हॉटेलवाल्यांनी विशेष लक्ष द्यावे : रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे, पण त्यावर खरेदीच्या कराची वजावट मिळत नाही. त्यांच्यासाठी पूर्ण ३५,४०० हाच खर्च धरावा.

आता ही रक्कम पाच वर्षांवर, म्हणजे ६० महिन्यांवर वाटली तर महिन्याला ५९० रुपये होतात. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर रोजचे सुमारे २३ रुपये. समजा डिझाइन करणाऱ्या कारागिराचा एक तास १०० रुपयांचा आहे. मग या मॉनिटरने रोज पंधरा मिनिटे वाचविली तरच तो आपली किंमत फेडतो. दोन २४ इंची मॉनिटर करासह समजा १७,००० रुपयांना पडले, तर त्यांचा रोजचा खर्च ११ रुपये, म्हणजे सुमारे सात मिनिटे. प्रत्येकाने आपल्या दुकानात आठवडाभर बसून पाहावे : एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाण्यात, चित्र लहान-मोठे करण्यात आणि सरकविण्यात रोज किती वेळ जातो? पंधरा मिनिटांपेक्षा कमी जात असेल, तर खरेदी लांबणीवर टाकावी.

विजेचा फरक मात्र नगण्य आहे. ३४ इंची मॉनिटर सुमारे ५० वॅट घेतो असे धरले, तर दहा तासांत अर्धे युनिट, महिन्याला १३ युनिट. दोन २४ इंची मॉनिटर मिळून जवळपास तेवढीच वीज घेतात.

६) हप्त्याचा प्रश्न

अशी वस्तू हप्त्यावर घेण्याचा मोह होतो. जाहिरातीत "नो कॉस्ट ईएमआय", म्हणजे बिनखर्चाचा हप्ता, असे शब्द असतात. आपल्यापैकी अनेकजण व्याजाचा व्यवहार टाळतात आणि या शब्दांमुळे निश्चिंत होतात. म्हणून त्यामागची रचना समजून घ्यावी.

अशा योजनेत बँक सर्वसाधारणपणे कर्जच देते आणि त्यावर व्याजही लावते. विक्रेता किंवा कंपनी त्या व्याजाएवढी सूट वस्तूच्या किमतीत देते, म्हणून एकूण बेरीज तीच दिसते. कागदावर मात्र व्याज असते. कार्डाच्या हप्त्यात त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, शिवाय बऱ्याचदा प्रक्रिया शुल्क वेगळे असते. रोखीने घेतल्यावर मिळणारी सूट हातची जाते, ती निराळीच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बोट ठेवले, ते याच कारणाने : अशा योजनांत व्याज शुल्काच्या रूपाने लपविले जाते. तेव्हा सही करण्यापूर्वी कर्जाचा कागद वाचावा, व्याजाचा रकाना पाहावा, आणि शंका असल्यास आपल्या विश्वासातील जाणकारांना विचारावे.

याला पर्याय आहेत. ओळखीचा विक्रेता एकच ठरलेली किंमत तीन-चार भागांत घेण्यास तयार असतो, फक्त किंमत आणि तारखा आधी लिहून घ्याव्यात. दुसरा मार्ग भिशीचा. बारा ओळखीच्या कारागिरांनी महिन्याला ३,००० रुपये काढले, तर दर महिन्याला एकाच्या हाती ३६,००० येतात. मात्र ही भिशी लिलावाची नसावी, चिठ्ठी टाकून किंवा गरजेनुसार पाळीने द्यावी. तिसरा आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आणखी काही महिने थांबून रोख घेणे. मॉनिटर ही नासणारी वस्तू नाही.

७) खरेदी करताना काय तपासावे?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बाजारात जाण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात.

*आपला संगणक :* मागे फक्त जुने निळे व्हीजीए भोक असेल, तर ३४४० × १४४० चा पडदा त्यावर नीट चालणार नाही. एचडीएमआय असेल तरी जुन्या संगणकांत ते पूर्ण ठिपके देत नाही किंवा चित्र धक्क्याधक्क्याने हलते. डिस्प्ले पोर्ट असणे उत्तम. लॅपटॉप यूएसबी-सी वायरने जोडायचा असल्यास त्या भोकातून चित्र बाहेर येते का, हे आधी विचारावे. प्रत्येक यूएसबी-सी तसे नसते. शक्य असल्यास आपला लॅपटॉपच दुकानात घेऊन जावे आणि जोडून पाहावे.

*पडद्याची जात :* आयपीएस पडद्यावर बाजूने पाहिले तरी रंग बदलत नाहीत. फ्लेक्स, पत्रिका, कापड यांचे काम असणाऱ्यांनी तोच घ्यावा. व्हीए जातीत काळा रंग गडद दिसतो, पण कडेने रंग थोडे फिके पडतात. ओएलईडी अतिशय सुंदर दिसतो, परंतु एकच टॅलीची चौकट दिवसभर उघडी राहिली तर तिचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका असतो. दुकानासाठी तो नको.

*वळण :* अनेक रुंद पडदे कमानीसारखे वाकलेले असतात. १५००आर असे लिहिलेले असेल तर त्या वर्तुळाची त्रिज्या १५०० मिलिमीटर, म्हणजे दीड मीटर. आकडा जितका लहान, तितके वळण जास्त. वाचनाला आणि व्हिडिओला वळण सुखाचे वाटते, कारण दोन्ही टोके डोळ्यांपासून फार दूर जात नाहीत. पण खिडक्या-दरवाजांची सरळ रेषा काढणाऱ्याला ती वाकडी भासते. अशांनी सपाट पडदा किंवा ३८००आर सारखे सौम्य वळण पाहावे.

*ठिपके :* दुकानातच पूर्ण काळे, पांढरे, लाल, हिरवे आणि निळे चित्र लावून पाहावे. मेलेला ठिपका किंवा कोपऱ्यातून फुटणारा उजेड तेव्हाच दिसतो.

*कागदपत्रे :* भारतात विकल्या जाणाऱ्या मॉनिटरवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण असावी लागते. ती नसलेला आणि पक्के बिल नसलेला माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. वॉरंटीत माणूस आपल्या गावी येतो की मॉनिटर पुण्याला न्यावा लागतो, हे लेखी विचारावे. कार्ल्याहून एवढे मोठे खोके घेऊन पुण्याला जाणे-येणे हा एक दिवसाचा रोजगार बुडविण्याचा प्रकार आहे.

*जुना माल :* पुण्यातील कार्यालयांतून वापरलेले मॉनिटर बाजारात येतात आणि निम्म्या किमतीतही मिळतात. ते घ्यायला हरकत नाही, पण अर्धा तास चालू ठेवून पाहावेत. पडदा पिवळट झाला आहे का, एखादी उभी रेघ येते का, आधीच्या चित्राची सावली राहते का, हे तपासावे. पडदाच खराब असेल तर तो बदलण्याचा खर्च जवळपास नव्या मॉनिटरएवढा होतो.

*वाहतूक :* खोके उभेच न्यावे, आडवे टाकू नये. दुचाकीवर तर नकोच. खोके व आतील थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवावे.

८) टेबल, डोळे आणि मान

पडदा अडीच फुटांहून अधिक रुंद असल्याने तो साध्या गल्ल्यावर ठेवता येत नाही. डोळ्यांपासून पडदा एक हात, म्हणजे ६० ते ७५ सेंमी लांब असावा. स्टँडसाठी मागे आणखी २० ते २५ सेंमी लागतात. दीड फूट खोलीच्या काउंटरवर तो ठेवला तर पडदा नाकाशी येईल आणि दोन्ही टोके पाहण्यासाठी मान सतत वळवावी लागेल. टेबल किमान अडीच फूट खोल असावे. आपल्यातील सुतार व फॅब्रिकेटर बांधवांना ते स्वतःच बनविता येईल. भिंतीला किंवा हाताला लावायचा असेल तर मागील चार भोकांचे अंतर पाहून घ्यावे, बहुतेकांत ते १०० बाय १०० मिलिमीटर असते.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवावी. दुहेरी काचेचा चष्मा असणाऱ्यांनी तो आणखी खाली घ्यावा, नाहीतर हनुवटी वर करून वाचण्याची सवय लागते आणि संध्याकाळी मान धरते. मुख्य काम नेहमी मधोमध ठेवावे. मजकूर, यादी, व्हॉट्सॲप या गोष्टी कडेला. दिवसभर डाव्या कोपऱ्यात पाहून काम केले तर रुंदीचा फायदा होण्याऐवजी मानेचा त्रास विकत घेतल्यासारखे होईल. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांवरची वस्तू पाहावी.

खिडक्या मांडण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी. विंडोजचे बटण दाबून डावा किंवा उजवा बाण दाबला, की खिडकी त्या बाजूच्या अर्ध्यात बसते. विंडोज ११ मध्ये त्याच बटणासोबत झेड दाबले, तर तीन भागांचे आराखडेही मिळतात. ज्याने हे शिकून घेतले नाही, तो ३४ इंची पडद्यावरही एकच खिडकी पूर्ण पसरून काम करतो, आणि मग ओळी इतक्या लांब होतात की वाचताना पुढची ओळ सापडत नाही.

छपाईच्या रंगाबाबत एक सूचना. पडदा प्रकाशाने रंग दाखवितो, फ्लेक्स व कागद शाईने. कितीही महाग मॉनिटर असला तरी मोठ्या कामापूर्वी लहान तुकडा छापून पाहावाच.

९) पाऊस, धूळ आणि वीज

लोणावळा-कार्ले भागात पावसाळ्यात धुके आणि ओल घरात शिरते. बाहेरच्या ओल्या भिंतीला मॉनिटर चिकटवून लावू नये, मागे चार बोटे हवा खेळू द्यावी. सुट्टीतही तो अधूनमधून तासभर चालू ठेवावा, त्याच्या उबेने ओल धरत नाही. गारठ्यातून आणलेला मॉनिटर लगेच चालू न करता तासभर तसाच ठेवावा. पुसण्यासाठी मऊ कोरडे कापड, फार तर शुद्ध पाण्याने किंचित दमट केलेले वापरावे. स्पिरिट, रॉकेल किंवा काच पुसण्याचे औषध पडद्याचा थर खराब करते.

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ग्राइंडरची लोखंडी धूळ उडते. ती मॉनिटरच्या जाळीतून आत गेली तर आतील पट्टी जळू शकते. संगणक वेगळ्या बंद खोलीत ठेवावा आणि वेल्डिंग मशीनच्या लाइनवर कधीही जोडू नये. वेल्डिंग सुरू होताच दाब खाली-वर होतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि यूपीएस बसवावा. वीज गेल्यावर काम जतन करण्यापुरता साधा ६०० व्हीएचा यूपीएस बऱ्याच दुकानांना पुरतो. ढगांचा गडगडाट सुरू झाला, की प्लग काढून ठेवण्याइतका स्वस्त विमा दुसरा नाही.

जुना मॉनिटर भंगारवाल्याला फोडायला देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा कंपनीच्या संकलन व्यवस्थेकडे द्यावा. चालू असल्यास एखाद्या शिकाऊ मुलाला किंवा मदरशाच्या संगणक वर्गाला देणे अधिक चांगले.

१०) स्वतःला विचारावयाचे पाच प्रश्न

१. माझे काम आडवे लांब आहे की उभे लांब?
२. रोज किमान पंधरा मिनिटे खरोखर वाचतील का, हे मी आठवडाभर मोजले आहे का?
३. माझा संगणक आणि माझे टेबल या पडद्याला पुरेसे आहेत का?
४. दोन साध्या मॉनिटरनी हेच काम होणार नाही ना?
५. हे पैसे मी कर्ज न काढता आणि कच्च्या मालाचे भांडवल न तोडता देऊ शकतो का?

पाचही उत्तरे अनुकूल आली, तर निःसंकोच घ्यावा. तो कारागिराच्या हातातील चांगल्या हत्यारासारखा काम देईल. एकाही प्रश्नावर मन अडखळले, तर आहे त्या मॉनिटरवर काम चालू ठेवावे आणि ती रक्कम प्लाय, शाई, कागद किंवा कामगाराच्या मजुरीत घालावी. तात्पर्य, पडद्याची रुंदी पाहण्यापूर्वी आपल्या कामाची रुंदी मोजावी. गिऱ्हाईक आपल्याकडे येते ते वेळेवर आणि बिनचूक झालेल्या कामासाठी, आणि ज्या साधनाने ते काम होते तेच आपल्यासाठी योग्य साधन.